निवृत्तीनंतर डोकं गंजू नये म्हणून: दिवस बांधायची पद्धत, टप्प्याटप्प्याने

नोकरी संपली की बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. एकतर ‘आता फक्त आराम’ म्हणून काही महिने काहीच करत नाहीत, नाहीतर पहिल्याच आठवड्यात योगवर्ग, हार्मोनियम, सोसायटीचं सचिवपद, शेअर बाजार आणि नातवाचा अभ्यास असं सगळं एकदम अंगावर घेतात. तीन-चार महिन्यांनी दोघांची गत एकच होते. दुपारभर पलंगावर आडवे, हातात मोबाइल, आणि कुणी विचारलंच तर ‘मनच लागत नाही’. रेल्वे, वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे कोळसा कंपनी), कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, आयुध निर्माणी, बँका, शाळा अशा ठिकाणांहून नागपुरात सतत लोक निवृत्त होत असतात. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात येणाऱ्या नव्या सभासदांमध्ये मी हे वारंवार पाहते. करायची इच्छा सगळ्यांना असते, पण कशाच्या आधी काय करायचं ते चुकतं. म्हणून हा लेख.

मुलं पुण्याला-बंगळुरूला गेली की घरातल्या बाईचीही एक निवृत्ती होतेच. तिचा कुणी निरोप समारंभ करत नाही, एवढंच. पुढचं सगळं तिलाही लागू आहे.

आधी एवढं समजून घ्या

१९३०च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावात जाऊन अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता, वाचनालयाची फीसुद्धा माफ झाली होती, तरी पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्यानं हळू चालू लागले, मध्येच थांबू लागले. दिवसभरात काय केलं हे त्यांना नीट सांगताही येत नव्हतं.

वेळ मिळाला की माणूस आपोआप वाचेल, शिकेल, फिरेल हा समज तिथंच मोडतो. याहोदा पुढं मांडते की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते: वेळेची चौकट, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, एकत्र मिळून काही करण्याचं प्रयोजन, समाजातली ओळख आणि रोजची हालचाल. नोकरीबरोबर या पाचही गोष्टी एका दिवसात जातात. छंद लावून घेतला तर त्यातली फार तर एखादी परत येते. उरलेल्या तशाच रिकाम्या राहतात आणि त्याच जागी डोकं मंद व्हायला लागतं. खालचे टप्पे त्या भरून काढण्यासाठी आहेत. क्रम बदलू नका.

तयारी: पहिले दोन आठवडे

या दोन आठवड्यांत नवीन काही सुरू करायचं नाही, काही विकत आणायचं नाही.

*तब्येत तपासून घ्या.* विसरभोळेपणा, सुस्ती, गप्प गप्प राहणं हे सगळं रिकामपणामुळंच आलं असं गृहीत धरू नका. थायरॉइड, साखर, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासा. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे आणि त्यानं डोकं जड होतं. कान आणि डोळे तर नक्कीच दाखवा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण आपल्याला आवरता येतील अशा १४ गोष्टी दिल्या. ऐकू कमी येणं, उपचाराविना राहिलेली अधू नजर, एकटेपणा आणि बैठी जीवनशैली या चारही त्यात आहेत. ज्याला नीट ऐकू येत नाही तो चारचौघांत जायचं टाळतो, आणि घरचे समजतात की बाबांचा स्वभाव बदलला.

*सात दिवसांची नोंद ठेवा.* साधी शंभर पानी वही घ्या. झोपताना दिवस आठवून लिहू नका, दर दोन-तीन तासांनी लिहा. नव्या निवृत्ताचं पान साधारण असं दिसतं:

७ ते ९.३०: चहा, पेपर, मोबाइल
९.३० ते १०.३०: अंघोळ, पूजा
१०.३० ते १२: जेवण व्हायचं होतं
१२ ते ४.३०: जेवण, झोप, मोबाइल
४.३० ते ६: चहा, गेटपाशी उभा
६ ते १०: टीव्ही, जेवण

यात झोपेपेक्षा ‘१०.३० ते १२’ ही ओळ नीट बघा. तो दीड तास माणूस काहीच करत नव्हता, पुढचं काहीतरी व्हायची वाट बघत होता. जेवणाची, पेपरवाल्याची, मुलाच्या फोनची, संध्याकाळ व्हायची. अशा वाट बघण्याच्या वेळेखाली लाल रेघ मारा. आराम केल्यावर ताजंतवानं वाटतं, वाट बघून माणूस थकतो. आठवड्याच्या शेवटी लाल रेघा कोणत्या वेळी जास्त आहेत ते बघा. तुमचं काम त्या वेळेपासून सुरू होतं.

*घरच्यांशी बोला.* विशेषतः बायकोशी. नोकरीच्या काळात घर तिनं तिच्या पद्धतीनं चालवलेलं असतं. तुम्ही दिवसभर घरात राहून डब्यांची जागा आणि भाजीचा भाव यावर मत देऊ लागलात तर महिनाभरात दोघांचं पटेनासं होईल. तुमच्या वाटणीची दोन-तीन घरकामं ठरवा, ती पूर्ण तुमचीच ठेवा आणि बाकीच्यात नाक खुपसू नका.

मुलांसाठीही दोन शब्द. ‘बाबा, तुम्ही आता काही करू नका’ हे प्रेमानंच म्हटलं जातं, पण त्यानं नुकसान होतं. वीजबिल, गॅसचा नंबर, नातवाला बसस्टॉपवर सोडणं ही कामं त्यांच्या हातून काढून घेऊ नका.

> तपासा: वहीत सात दिवस पूर्ण भरले का? तीनच भरले असतील तर अजून आठवडा घ्या. नोंदीशिवाय पुढं गेलात की सगळं अंदाजानं होतं.

टप्पा १: तीन वेळा पक्क्या करा

फक्त तीन. उठण्याची, घराबाहेर पडण्याची आणि दुपारी पलंगावरून उठण्याची.

सगळ्या दिवसाचं तासातासाचं वेळापत्रक भिंतीवर लावणारे लोक आठवड्याभरात ते काढून ठेवतात, कारण एक तास चुकला की पुढचे सगळे चुकतात. तीन वेळा सांभाळता येतात. मधला वेळ सैल असला तरी चालतो.

पहिली वेळ बहुतेकांची आपोआप सांभाळली जाते. दुसरीसाठी एक नियम ठेवा: अंघोळ करून बाहेरचे कपडे घालायचे, मग कुठंही जा, भाजीला, वाचनालयात किंवा शेजारच्या गल्लीत. बनियन-लुंगीवर गेटपर्यंत गेलेलं धरायचं नाही.

तिसरी वेळ सगळ्यांत महत्त्वाची, आणि सगळे चुकतात ते इथंच. दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीनच्या आत संपलेली असावी. दोन-अडीच तास झोपलात की रात्री झोप येत नाही, सकाळी उशीर होतो आणि पहिली वेळही हातची जाते. गजर पलंगापासून लांब ठेवा. उठल्या उठल्या करायचं एक ठरलेलं काम हवं: गच्चीवरचे कपडे काढणं, चहाचं आधण ठेवणं, कुंड्यांना पाणी घालणं. काम ठरलेलं नसेल तर गजर बंद करून माणूस परत आडवा होतो.

नागपूरकरांनी दोन वेळापत्रकं करावीत. इथं थंडीत सुरू केलेले संकल्प एप्रिलमध्ये मोडतात. डिसेंबरात सात वाजता अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सला फिरायला जाणारा माणूस मे महिन्यात सातला बाहेर पडला तर घामाघूम होऊन परततो. चार दिवसांनी जाणं बंद होतं. पारा ४५च्या आसपास गेल्यावर सकाळी ११ ते संध्याकाळी ५ घरातच राहायचं असतं, आणि नवतपात, म्हणजे मेच्या शेवटच्या नऊ कडक दिवसांत, तर सगळा दिवस अंगावर येतो. हिवाळ्यात बांधलेली चांगली सवय पावसाळा लागेपर्यंत विसरली जाते. म्हणून वहीत समोरासमोर दोन पानं करा:

हिवाळी पान: फिरणं सातला. बाहेरचं काम ११ ते १. दुपारनंतर घरात शिकण्याचं काम.

उन्हाळी पान: उठणं पाचला, फिरून सातच्या आत घरी. बाहेरचं काम ८ ते १०. घरातलं काम ११ ते १, कूलरसमोर बसून, टेबल-खुर्चीवर. भेटीगाठी साडेसहानंतर.

उन्हाळी पान मार्चच्या शेवटीच सुरू करा. ऊन तापल्यावर बदलू म्हणाल तर मधल्या पंधरा दिवसांत घडी विसकटते.

> इशारा: लग्न, गाव, पाहुणे यामुळं तिन्ही वेळा एकदम मोडतील. परत आल्यावर आधी तिसरी सांभाळा. ती जागेवर आली की बाकीच्या दोन येतात.

टप्पा २: जिथं कुणीतरी तुमची वाट बघतं असं एक काम

हा या लेखाचा गाभा. वाचन, बागकाम, संगीत हे चांगलंच आहे, पण तुम्ही एक दिवस ते केलं नाही तर कुणाचं काही अडत नाही. म्हणून ते सुटतं. ऑफिसात जावंसं वाटत नसतानाही आपण जात होतो, कारण तिथं आपल्या सहीसाठी कुणीतरी थांबलेलं असायचं. तशी एक तरी जागा पुन्हा हवी.

आमच्या भागातले एक निवृत्त फोरमन बाजूच्या वस्तीतल्या आठवी-नववीच्या मुलांना मंगळवारी आणि शुक्रवारी गणित शिकवतात. एकदा पाठ दुखते म्हणून ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दोन पोट्टे उभे: ‘काकाजी, काल काऊन नाई आले?’ या एका प्रश्नात जी ताकद आहे ती कुठल्याही संकल्पात नाही. त्यानंतर त्यांनी पाठीला पट्टा बांधला, पण वार चुकवला नाही.

काम निवडताना त्याला तीन कसोट्या लावा. वार आणि वेळ ठरलेली आहे का? तुम्ही गेला नाहीत तर कुणाला तरी कळेल का? आणि तुमच्या जुन्या कामातलं काही कौशल्य तिथं वापरलं जातं का? पहिल्या दोन अटी सोडू नका. तिसरी जमली तर उत्तम.

बँकेत किंवा कचेरीत आयुष्य गेलं असेल तर पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचं काम घ्या. दर नोव्हेंबरला तो द्यावा लागतो. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण कित्येकांना ते जमत नाही आणि ते रांगेत तिष्ठतात. वस्तीत दोन शनिवार बसलात तर अनेकांची खेप वाचेल. वायरमन, फिटर, मेकॅनिक असाल तर एखाद्या हौशी मुलाला हाताखाली घ्या आणि त्याला काम शिकवा. नर्स असाल तर मंडळात आठवड्याला एकदा रक्तदाब मोजा आणि आकडे लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात तुलना करायला तीच माणसं तुम्हाला शोधत येतील. उत्तम सांडगे-कुरड्या जमणाऱ्या बाईनं सुनांना आणि शेजारणींना उन्हाळ्यात शिकवायला बसवावं. गच्चीवरचं वाळवण हे चार जणींचं काम आहे, एकटीचं नाही.

सुरुवातीला आठवड्याला दोनच वेळा, दीड-दोन तास. जास्तीचं कुणी मागितलं तर ‘तीन महिन्यांनी बघू’ म्हणा.

या टप्प्यावर होणाऱ्या चुका:

*पद घेणं.* काम मागायला गेलेल्या माणसाला अध्यक्ष करून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. पदाबरोबर सभा, हार आणि भांडणं येतात. रोजचं काम मात्र दुसराच कुणी करतो. पहिलं वर्षभर कुठलंही पद नको.

*रिकामपण घालवायला धंदा काढणं.* ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हाताशी असतात, दिवस मोकळा असतो, आणि कुणीतरी भागीदारी सुचवतो. पहिल्या वर्षात या पैशाला हात लावू नका, कुणाला जामीन राहू नका. गुंतून राहायला भांडवल लागत नाही.

*फक्त आपल्याच वयाच्या लोकांत राहणं.* कट्ट्यावर रोज तेच दुखणं आणि तेच राजकारण निघतं. आठवड्यात एक तरी तास तिशीच्या आतल्या माणसांबरोबर काम करण्यात गेला पाहिजे.

> तपासा: एक वेळ चुकली तर तुम्हाला कुणाचा फोन आला का? नसेल आला तर काम बदला.

टप्पा ३: एक अवघड गोष्ट शिका

टप्पा २ महिनाभर सुरळीत चालल्यावरच याकडे या.

शब्दकोडं रोज सोडवता आणि ते सुटतं, तर त्यानं करमणूक होते, डोक्याला ताण पडत नाही. न येणारी गोष्ट शिकताना ताण पडतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. २०००मध्ये एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांना त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवण आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आढळला. ही प्रौढ माणसं होती.

काय शिकायचं ते तुमच्या आवडीवर सोडते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम आहेत, ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट वर्ग आहेत, तबला आहे, बंगाली-तेलुगूसारखी नवी भाषा आहे. माझी शिफारस मोडी लिपीची. भोसल्यांच्या काळातले कागद मोडीत आहेत, अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या जमिनीचे दस्त तसेच बांधून पडलेले आहेत आणि ते वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत. म्हणजे पुढं हे शिकणंच टप्पा २चं काम होऊ शकतं.

मोडीचा रोजचा पाऊण तास असा वाटा:

पहिली दहा मिनिटं कालची अक्षरं न बघता लिहा. चुकली तरी आधी लिहा, मग ताडून बघा. पुस्तकात बघून दहादा गिरवल्यापेक्षा आठवून एकदा लिहिलेलं जास्त पक्कं बसतं. पुढची पंचवीस मिनिटं नवीन. पानभर आडव्या रेघा आधी ओढून घ्या, कारण मोडीत शिरोरेषा आधी आणि अक्षरं नंतर, हात न उचलता. देवनागरीच्या सवयीनं प्रत्येक अक्षराला हात उचललात तर मोडीचं वळण कधीच येणार नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही इथं पाळलेला नसतो, तेव्हा वाचताना संदर्भावरून शब्द ओळखावा लागतो, आणि डोक्याला खरं काम तिथं पडतं. शेवटची दहा मिनिटं जुन्या कागदाची एकच ओळ लावून बघा. नाही लागली तर उद्या.

> इशारा: वर्ग लावण्याआधी महागडं साहित्य घेऊ नका. वही, बोरू किंवा साधा पेन पुरे. महिनाभर टिकलात की मग हवं ते घ्या.

टप्पा ४: हात-पाय हलते ठेवा

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. पासष्टीच्या पुढं त्यात आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत. भरभर चालणं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. गप्पा मारत रमतगमत केलेली फुटाळा तलावाची फेरी चांगलीच, पण ती यात धरू नका.

हातानं करायचं एक काम घरात कायम तुमच्याकडे असू द्या. मार्चमध्ये कूलर काढणं, टाकी घासणं, ताट्या बदलणं, पंपाची वायर तपासणं, आणि मग आठवड्यातून एकदा सगळं पाणी काढून टाकी कोरडी करणं. हे शेवटचं काम लोक टाळतात आणि त्याच पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. वार ठरवून टाका. वायर तपासताना किंवा पाण्यात हात घालताना आधी प्लग काढायचा.

टप्पा ५: मोबाइल आता कमी करा

बरेच जण हे पहिल्याच दिवशी करायला जातात आणि तिसऱ्या दिवशी हार मानतात. साहजिक आहे, मोबाइल ठेवून करायचं काय हेच ठरलेलं नसतं. आधीचे चार टप्पे बसले की लाल रेघा निम्म्या झालेल्या असतात. उरलेल्यांसाठी दोन नियम पुरतात: पहिल्या चहाआधी मोबाइल नाही, आणि दुपारच्या पलंगावर मोबाइल नाही. कुणाला ठरवून केलेला फोन यात मोजू नका, उलट तो वाढवा.

टिकतं कधी?

लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात एखादी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानं काही बिघडलं नाही. तेव्हा पंधरा दिवसांत ‘माझ्यानं होत नाही’ म्हणू नका. एक दिवस चुकला तर भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, नेहमीएवढंच करा. दर रविवारी वही उघडून दोनच गोष्टी बघा: तिसरी वेळ किती दिवस सांभाळली आणि लाल रेघा वाढल्या की घटल्या.

कधी हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं

दोन आठवडे सलग उदास वाटणं, आवडीच्या गोष्टी नकोशा होणं, भूक आणि झोप बिघडणं, जगण्यात अर्थ नाही असे विचार येणं हे नैराश्य असू शकतं. त्याला उपचार आहेत. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ आहे. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दाखवा.

चष्मा कुठं ठेवला ते विसरणं वेगळं. बर्डीहून (सीताबर्डीच्या बाजारातून) घरी यायचा कित्येक वर्षांचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणं, हिशेबात अचानक गोंधळ होणं असं दिसलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

काम संपतं तेव्हा

टप्पा २चं काम कधीतरी संपणारच. मुलांची परीक्षा होते, मंडळ जागा बदलतं, शिकलेला मुलगा स्वतःचं दुकान टाकतो. ज्यांचं सगळं छान चाललेलं असतं त्यांची घडी नेमकी याच वेळी पुन्हा विसकटते, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये, कारण परीक्षा आणि ऊन एकदमच येतात. म्हणून फेब्रुवारीतच पुढच्या कामाची बोलणी करा. शिकवणी थांबणार असेल तर उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत करता येईल असं दुसरं काम ठरवा, त्याचा वार पक्का करा, आणि उन्हाळी पानावर ते मार्च संपायच्या आत लिहून टाका.